‘स्वस्त’ अधिशोषक : एका शब्दामागची पार्श्वभूमी

कोळसा द्रावणातला रंग ओढून घेतो, हे १७८५ पासून ठाऊक आहे. द्रावणातला पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागावर असा चिकटून बसण्याला, म्हणजे ‘अधिशोषणा’ला, स्वतंत्र नाव मिळालं १८८१ मध्ये; असं चिकटवून घेणारा पदार्थ तो अधिशोषक. पण सांडपाण्यातल्या जड धातूंकडे जगाचं लक्ष वेधलं ते जपानमधल्या दोन आजारांनी. मिनामाताची पाऱ्याची विषबाधा १९५६ मध्ये उघड झाली, तर इताई-इताई आजारामागे कॅडमियम असल्याचं सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं.

तेव्हाची रुळलेली पद्धत म्हणजे चुना घालून धातूंचा साका खाली बसवणं. पाण्यात धातू भरपूर असेल तर ती चालते. मात्रा लिटरमागे काही मिलिग्रॅमवर आली की कमी पडते, आणि मागे विषारी गाळ उरतो. सक्रिय कोळसा, म्हणजे खास प्रक्रियेने अतिसच्छिद्र केलेला कोळसा, हा अधिशोषक महाग. म्हणून लाकडाचा भुसा, भाताचं तूस, झाडांच्या साली, फळांची सालं यांची चाचपणी सुरू झाली. त्यांतल्या लिग्निन, पेक्टिन, टॅनिन या वनस्पतिद्रव्यांवरचे कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल हे रासायनिक गट शिसं, तांबं धरून ठेवतात.

इथे ‘स्वस्त’ हा शब्द आला आणि घोळ झाला. १९९९ च्या एका आढाव्याने तो ढोबळपणे बांधला : फार प्रक्रिया लागत नाही, निसर्गात मुबलक आहे किंवा दुसऱ्या उद्योगाचा टाकाऊ माल आहे, असा पदार्थ स्वस्त मानावा. खर्चाचे आकडे क्वचितच दिले जातात, हेही त्याच आढाव्यात लिहिलं होतं. पुढे व्याख्या सगळ्यांनी उचलली, ही ओळ मात्र फारशी कुणी उचलली नाही. साल फुकट मिळते हे खरं; पण ती धुणं, वाळवणं, दळणं, आम्लाने किंवा अल्कलीने संस्कारित करणं फुकट होत नाही. कच्ची साल पाण्यात रंग आणि सेंद्रिय द्रव्यं सोडते, म्हणून संस्कार टाळताही येत नाहीत. शिवाय धातू नाहीसा होत नाही, सालीत जाऊन बसतो. ती साल सौम्य आम्लाने धुतली की धातूचं दाट द्रावण हाती येतं. जाळली तर बराचसा धातू राखेत उरतो. त्या द्रावणाची किंवा राखेची विल्हेवाट लावण्याचा हा शेवटचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणणं मला पटत नाही.

क्रोमियमची गोष्ट वेगळी. षट्संयोजी क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, अशा अधिशोषकांमुळे आम्लधर्मी पाण्यात, पीएच २ च्या आसपास, झपाट्याने कमी होतो. हे निव्वळ अधिशोषण समजलं गेलं. नंतर दिसलं की वनस्पतिद्रव्य त्याचं त्रिसंयोजी क्रोमियममध्ये, म्हणजे कमी विषारी रूपात, क्षपण करतं (त्याला इलेक्ट्रॉन देऊन रूप बदलतं), आणि त्यातला काही भाग पाण्यातच राहतो. त्यामुळे केवळ षट्संयोजी क्रोमियम मोजून काढलेली जुनी टक्केवारी जपून वाचावी लागते.

अलीकडे बायोचार (हवेशिवाय तापवून केलेला वनस्पतींचा कोळसा) आणि सतत प्रवाहाच्या स्तंभांवर, म्हणजे अधिशोषक भरलेल्या नळीतून पाणी सतत वाहू देण्यावर, भर वाढला आहे. तरी अधिशोषक किती धातू धरतो याचे, म्हणजे क्षमतेचे, बहुतेक आकडे अजून ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू घालून, फ्लास्क हलवून काढलेले असतात. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम आणि इतर धातू त्याच जागांसाठी झगडतात, आणि क्षमता घसरते.