मुंग्यांमधून दिसणारं चित्र

सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन दिसायचं, तेव्हा पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना गडाकडे तोंड करून असायचे. सिग्नल ढेपाळला की पडद्यावर मुंग्या. काही घरांत तर निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली. घराघरांतलं ते ॲनालॉग युग संपलं, पण परवानाधारक हॅममधली, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांमधली, काही मंडळी अजूनही ॲनालॉग चित्र हवेतून एकमेकांना पाठवतात. हे टिकायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण सिग्नल कुठून, कसा आला हे त्या चित्रात उघड दिसतं.

ती सावलीच घ्या. पाल या दूरदर्शनच्या ॲनालॉग पद्धतीत चित्राच्या 625 रेघा आणि सेकंदाला 25 चित्रं. म्हणजे एका रेघेला 64 मायक्रोसेकंद, त्यातले पडद्यावर दिसणारे 52. पडदा 40 सेंटिमीटर रुंद असेल तर रेघ काढणारा इलेक्ट्रॉनचा झोत एक सेंटिमीटर सरकायला 1.3 मायक्रोसेकंद घेतो. तेवढ्या वेळात रेडिओलहर 390 मीटर जाते. सावली दोन सेंटिमीटर उजवीकडे पडली असेल, तर टेकडीवर नाहीतर इमारतीवर आपटून आलेली लहर थेट आलेल्या लहरीपेक्षा पाऊण किलोमीटरहून थोडं जास्त अंतर फिरून आली. पडद्याला फूटपट्टी लावून हे मोजता येतं! डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोनी तुकडे होऊन गायब.

हौशी लोकांची आपल्याकडची अडचण जागेची. दूरदर्शनच्या पद्धतीचं एक चॅनल 7 मेगाहर्ट्झ रुंद, आणि 70 सेंटिमीटरच्या बँडमध्ये आपल्याला मिळतात फक्त 434 ते 438 मेगाहर्ट्झ. म्हणून वर 1260 ते 1300 मेगाहर्ट्झमध्ये जायचं आणि चित्र एफएमने पाठवायचं. त्याला 16 ते 20 मेगाहर्ट्झ लागतात. एफएम फिकट सावल्या बऱ्याच दाबतो, सिग्नल फारच खाली गेला की मात्र काळे-पांढरे ठिपके चमचमू लागतात. चित्राची प्रत पी0 (काहीच नाही) ते पी5 (एकदम स्वच्छ) अशी कळवतात. पी1ला नुसता गोंधळ असतो, तरी मोठ्या अक्षरांतला कॉलसाइन, म्हणजे पाठवणाऱ्या हॅमचं ओळखचिन्ह, टक लावून पाहिलं की डोळ्यांना हळूहळू सापडतो.

नव्वदच्या दशकात केबलवाले वापरायचे ते ॲनालॉग सॅटेलाइट रिसिव्हर 950 मेगाहर्ट्झपासून वर ट्यून होतात, त्यामुळे 1280 त्यांना थेट घेता येतं. पुण्यातल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असा डबा दिसला तर सोडू नका. फक्त, एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसवलेला सिग्नल वाढवणारा डबा) चालवायला तो केबलमधूनच 13 किंवा 18 व्होल्ट वर पाठवतो. लूप अँटेना सरळ जोडलात तर शॉर्ट! मध्ये डीसी ब्लॉक, म्हणजे ते व्होल्ट अडवून सिग्नल जाऊ देणारा तुकडा, हवाच, आणि त्याचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जाईल.

पुण्याच्या हॅमनी आणखी एक भान ठेवायला हवं. जुन्नरजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची, 1450 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. आपला बँड तिच्याच टापूत येतो. सिंहगडावरून शहराकडे रोखलेला यागी (एकाच दिशेला जोर देणारा अँटेना) जवळपास खोडदच्याच दिशेला रोखलेला असतो, आणि गड शहरापेक्षा साडेसातशे मीटर उंच असल्याने लहरी लांबवर जातात. म्हणून गडावर रिसिव्हर न्यावा, ट्रान्समीटर शहरात ठेवावा, आणि चित्र पी4ला पोचतंय तिथंच वॉट वाढवणं थांबवावं.