बर्लेचं पान गोड काहून नसते, अन् चुन्याशी त्याचं काय नातं

दिवाळीला पुतण्या घरी आला होता, तो तिकडे अमेरिकेत नोकरीला आहे, अन् येताना काकाजीसाठी पाइपच्या तंबाखूचा एक डबा अन् दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा एक पाइप घेऊन आला. काकाजी म्हणजे माझे मोठे काका. साकोलीच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे त्यांनी उभा जन्म बिड्या वळल्या, त्यामुळे तंबाखू हातात घेतली की ती कुठली, किती जुनी, किती ओली हे ते न जाळता सांगतात. डबा देताना पुतण्या म्हणाला, "आजोबा, हा एकदम नॅचरल आहे, अन् पाइपचा धूर छातीत घेतच नाहीत, तोंडात फिरवून सोडून देतात, म्हणून याचा काही त्रास नसते." हे वाक्य माझ्या डोक्यातून आठ दिवस गेलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, अन् खर्रा (सुपारी, तंबाखू अन् चुना एकत्र घोटून केलेला) तोंडात धरणारी पोरं रोज समोर बसतात, तेही बरोबर हेच सांगतात, की सर आम्ही थोडीच धूर ओढतो.

पण आधी काकाजींनी त्या तंबाखूची पारख कशी केली ते सांगतो, कारण सगळी केमिस्ट्री त्यांच्याच तोंडून आली, फक्त त्यांच्या शब्दांत.

डब्यात जुन्या अमेरिकन पद्धतीचा, बर्ले नावाच्या पानावर बेतलेला मिश्रण-तंबाखू होता. काकाजींनी लगेच पेटवला नाही. चिमूट घेऊन अंगठा अन् बोटात दाबली, सोडली, ती हळूहळू उलगडली तेव्हा म्हणाले, ओल बरोबर हाये, चिकटत नाही अन् चुराही होत नाही. मग वास घेतला. "यात चाकलेट टाकलं हाये. पण त्याच्या खाली पाय, जवस भाजल्यावानी वास येते." (जवसाची चटणी करताना कढईतून जो खमंग वास निघतो ना, तोच, मीही घेऊन पाहिला.) पाइप भरला, पहिल्या काडीने वरचा थर फुगून वर आला, तो बोटाने दाबला, दुसऱ्या काडीने नीट पेटवला. सुरवातीला म्हणाले गोड आहे. अर्ध्यावर म्हणाले, गोडी गेली, आता भाकर जरा जास्त शेकली तसं कोरडं लागते. शेवटी शेवटी पाइप खाली ठेवला, कपाळ पुसलं, म्हणाले लय कडक झाला. राख पांढुरकी पडली होती, तळाला ओला गोळा नव्हता, हे त्यांना आवडलं. अन् निकाल दिला तो असा: "तंबाखू चांगला हाये, पण गोडी त्याची सोताची नाही, वरून देल्ली हाये."

बर्लेचं सगळं गुपित या शेवटच्या वाक्यात आहे.

बर्लेची गोष्ट 1864 सालची. अमेरिकेच्या ओहायो राज्यात ब्राउन काउंटीमधल्या एका शेतात, नदीपलीकडच्या केंटकीतून आणलेल्या बियाण्यातून काही रोपं फिक्कट, पिवळसर पांढरी निघाली. शेतकऱ्याला वाटेल रोग आहे, पण तो रोग नव्हता, हरितद्रव्य कमी पडण्याचा आनुवंशिक बदल होता, अन् ती जात पुढे व्हाइट बर्ले म्हणून अमेरिकाभर पसरली. प्रिन्स अल्बर्ट नावाचा जो प्रसिद्ध पाइप तंबाखू 1907 साली बाजारात आला, तो बर्लेवरच उभा होता. आपल्या देशात आंध्र प्रदेशातही विनुकोंड्याच्या भागात बर्ले पिकते.

आता त्या पानात साखर का नसते? हे मला सगळ्यात आवडणारं प्रकरण आहे म्हणून जरा लांबेल.

तंबाखूच्या हिरव्या पानात स्टार्च भरपूर असतो. पान तोडलं की ते लगेच मरत नाही, पेशी जिवंत असतात अन् श्वास घेत राहतात. आढीत घातलेल्या कच्च्या आंब्यात जसं स्टार्चचं साखरेत रूपांतर होते तसंच इथे होते. सिगारेटसाठी जो पिवळा व्हर्जिनिया तंबाखू लागते त्याला भट्टीच्या खोलीत टांगतात, आधी 35 ते 40 अंशावर पान पिवळं होऊ देतात म्हणजे स्टार्चची साखर होते, अन् मग तापमान चढवत 70 अंशाच्या पुढे नेऊन पेशीच मारून टाकतात. आठवडाभरात काम संपते अन् साखर पानातच अडकून राहते, 15-20 टक्क्यांपर्यंत. बर्लेला भट्टी नाही. अख्खं झाड बुडातून कापून, हवा खेळेल अशा मोठ्या लाकडी कोठारात उलटं टांगतात, महिना-दोन महिने. एवढ्या दिवसांत पान श्वास घेत घेत आधी स्टार्चची साखर करते अन् मग ती साखरही खाऊन टाकते, कार्बन डायऑक्साइड अन् पाणी होऊन ती उडून जाते. आंबा आढीत जास्त दिवस राहिला की आपण म्हणतो आंबा उतरला, तसं बर्लेचं पान मुद्दाम उतरवलेलं असते. शेवटी साखर उरते 1 टक्क्याच्याही खाली. सोबतच प्रथिनं तुटून अमिनो आम्लं अन् अमोनिया तयार होते, अन् कापलेलं वांगं काळं पडते त्याच रासायनिक क्रियेने पान तपकिरी होते.

हे काम आपल्याकडे मे महिन्यात कोणी करू जाईल तर जमणार नाही. इकडे 45 अंशात पान दोन दिवसांत कडकडीत वाळून हिरवंच राहील, जशी उन्हात झटकन वाळवलेली मेथी हिरवी राहते, कारण पाणी संपलं की एन्झाइमचं, म्हणजे पानातले हे बदल घडवणाऱ्या प्रथिनांचं, कामही थांबते. आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर 70-70 पानांचे पुडे उन्हात पसरवतात तिथे हे चालून जाते, कारण बिडीला त्या पानाचा फक्त अंगरखा पाहिजे असते, त्याच्या आतली रसायनं शिजलेली असावी असं कोणाचं म्हणणं नसते. तंबाखूचं मात्र शिजणं हेच सर्वस्व आहे.

तर पान गोड नाही, पण ते स्पंजासारखं सच्छिद्र आहे अन् पाक पिऊन घेण्यात पटाईत. कारखान्यात त्याला साखर, ज्येष्ठमध, कोको असा पाक पाजतात अन् मग गरम हवेत चांगलं भाजून काढतात. आता एका बाजूला पानातली अमिनो आम्लं अन् अमोनिया, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली साखर, अन् वर उष्णता. ही मायार अभिक्रिया, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी 1912 मध्ये मांडलेली. भाकरीवरचे तपकिरी डाग तिचेच, अन् कढईतल्या जवसाचा वासही तिचाच. तिच्यातून पायराझिन नावाच्या रेणूंचं कुटुंब तयार होते, हे रेणू अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला ओळखू येतात अन् त्यांचा वास भाजलेल्या दाण्याचा, कोकोचा असते. माध्यम अल्कधर्मी (आम्लाच्या उलट, चुन्यासारखं) असलं की मायार अभिक्रिया अजून जोरात चालते, अन् बर्ले व्हर्जिनियापेक्षा त्या बाजूला जरा जास्त झुकलेला असते. म्हणून काकाजींना चाकलेटच्या खाली जे जवस सापडलं, ते कोणी डब्यात टाकलेलं नव्हतं, ते त्या पाकातून अन् पानातून मिळून तिथेच तयार झालं होतं.

मग गोडी अर्ध्यावर का गेली? पाइपमध्ये निखारा एका थरात असते अन् त्याच्या खालचा थर जळत नाही, फक्त तापते. त्या तापलेल्या थरातून, मोहाच्या भट्टीत होते तसं, ऊर्ध्वपातन चालते. वरून फवारलेले हलके सुगंध सगळ्यात आधी उडून जातात. निकोटीन, पाणी अन् जड पदार्थ धुरासोबत खाली येऊन थंड तंबाखूवर पुन्हा बसतात, अन् निखारा खाली सरकत गेला की शेवटच्या थरात त्यांची साठवण झालेली असते, म्हणून शेवटचा भाग कडक. अन् जोरजोरात ओढलं तर निखारा तापते, गरम वाफ अन् अल्कधर्मी धूर मिळून जीभ चरचरते, म्हणून जाणकार पाइपवाले गवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजावे तशा संथ आचेवर ओढतात.

आता अल्कधर्मी हा शब्द दोनदा आला, तिथे थांबतो, कारण पुतण्याच्या वाक्यातली खरी चूक इथे आहे.

निकोटीनचा रेणू दोन रूपांत राहतो. आम्लात त्याच्या नायट्रोजनला एक हायड्रोजन आयन चिकटते, रेणूवर विद्युतभार येतो, अन् असा भारित रेणू तोंडाच्या आतल्या त्वचेतून, म्हणजे पेशींच्या तेलकट पडद्यातून, सहजासहजी आरपार जात नाही. अल्कात तो आयन सुटून जातो, रेणू मोकळा होते, अन् मोकळं निकोटीन तोंडाच्या त्वचेतून भराभर रक्तात शिरते. आम्ल किती अन् अल्क किती हे पीएचमध्ये मोजतात, 7 च्या खाली आम्ल, 7 च्या वर अल्क. निकोटीनसाठी अर्धं-अर्धं होण्याचा बिंदू पीएच 8 च्या जवळपास आहे. पीएच हा लॉगरिदमचा मोजमाप आहे, एक पायरी म्हणजे हायड्रोजन आयनांत 10 पट फरक, म्हणून मोकळ्या अन् बांधलेल्या रेणूंचं गुणोत्तर 10 चा घात (पीएच वजा 8) इतकं येते. मांडून पाहा: पीएच 6 ला मोकळं निकोटीन साधारण 1 टक्का, 7 ला 9 टक्के, 8 ला 50, अन् 9 ला 91. तंबाखूतलं निकोटीन काडीभरही न वाढवता फक्त पीएच दोन पायऱ्या चढवला तर कडकपणा कितीतरी वाढते.

व्हर्जिनियातली साखर जळून आम्लं बनतात, त्यामुळे सिगारेटचा धूर आम्लधर्मी असते, घशाला कमी टोचते, अन् म्हणूनच छातीत ओढता येते, तिथे फुप्फुसाचं प्रचंड क्षेत्रफळ बाकीचं काम करते. बर्लेत साखर नाही अन् नायट्रोजनवाली संयुगं जास्त, जळताना अमोनिया सुटते, धूर अल्काकडे सरकते. असा धूर छातीत घ्यायची गरजच पडत नाही, तो गालातूनच निकोटीन देऊन जाते. काकाजींनी एक कश गिळला नव्हता, तरी कपाळावर घाम आला तो यामुळेच.

अन् हेच काम आपल्या गावात चुना करते. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू अन् चुना घोट घोट घोटतात, पोरं म्हणतात त्याने चव येते. चव नंतरची गोष्ट, चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो पीएच 9 च्या पुढे नेते अन् तंबाखूतलं निकोटीन बांधलेलं होतं ते सोडवून देते. हे डोळ्याने पाहायला लॅब लागत नाही. हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात गाळणकागद बुडवला अन् वाळवला की झाला इंडिकेटर पेपर. हळद चुन्याने लाल होते हे आपल्याला कुंकवापासून माहीत आहे, पण गंमत ही आहे की हळदीचा रंग पीएच 8 च्या थोडं इकडेतिकडेच बदलते, म्हणजे जवळपास तिथेच जिथे अर्धं निकोटीन मोकळं होते! पट्टी लाल दिसली की समजायचं, निकोटीन मोकाट आहे. मी तीन वाट्यांत करून पाहिलं. साधी तंबाखू भिजवलेलं पाणी, पट्टी पिवळी. डब्यातला बर्ले भिजवलेलं पाणी, पिवळीच (न जळालेलं पान आम्लाकडेच असते, अमोनिया जळताना सुटते). खर्रा, पट्टी मळकट पण स्पष्ट लाल.

नॅचरल म्हणाल तर निकोटीन शंभर टक्के नॅचरल आहे, झाड ते मुळांत बनवून पानात पाठवते, किडे मारायला. आपण कपाशीवर जे इमिडाक्लोप्रिड मारतो ते किड्याच्या मज्जातंतूत त्याच जागी जाऊन बसते, अन् सेंद्रिय शेतीवाले किडीवर जे अग्निअस्त्र नावाचं द्रावण फवारतात त्यातही तंबाखू असतेच. बर्लेचं तर अजून एक आहे, त्याला नत्र नीट वापरता येत नाही म्हणून पानात नायट्रेट साठते, वाळताना जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, अन् त्यातून जी नायट्रोसामाइन्स तयार होतात त्यातल्या दोघांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. यात कोणी केमिकल मिसळावं लागत नाही. तसंच आमच्याकडे बायाबापड्या सांगतात की तंबाखू घासली की दातातली कीड मरते. दातात अळीसारखी कीड नसतेच, जिवाणूंनी आम्ल सोडून केलेला खड्डा असते, तो तंबाखूने भरत नाही, वरून हिरडी सोलते.

हे सगळं मी काकाजींना वाट्या दाखवून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पट्टीकडे पाहत होते, मग म्हणाले, "मंग कंपनीवाले सिगरेटमंधी चुना काहून नाही टाकत?" साठ वर्षं तंबाखू हाताळलेल्या माणसाचा प्रश्न. मी म्हटलं टाकतात काकाजी, चुना नाही, अमोनियाची संयुगं. अमेरिकेतल्या कंपन्यांची जी अंतर्गत कागदपत्रं कोर्टकचेऱ्यांमुळे बाहेर आली त्यात ते लिहिलेलं आहे, हिशेब तोच, पीएचचा.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, अन् उरलेल्या पिवळ्या पट्ट्या मागून घेतल्या. उद्या पानठेल्यावर पोरं बसतात, तिथे घेऊन जातो म्हणाले.