गारगोटीचा ओटा आणि चाळीस टक्क्यांची रेघ

आपल्याकडे स्वयंपाकघरातला ओटा आधी कडाप्प्याचा असायचा, मग ग्रॅनाइटचा झाला, आणि आता नव्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात ‘क्वार्ट्झ टॉप’ असं लिहिलेलं दिसतं. पांढराशुभ्र, एकसारखा, हळदीचा डाग सहसा न धरणारा. हा दगड खाणीतून लादीच्या रूपात निघत नाही, तो कारखान्यात घडवला जातो. गारगोटीचा, म्हणजेच क्वार्ट्झचा, चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास, बाकी रेझिन (चुरा चिकटवून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि रंग. हे मिश्रण निर्वात साच्यात थरथरवत दाबायचं आणि मग उष्णता देऊन घट्ट करायचं. हे तंत्र इटलीतल्या ब्रेटन कंपनीचं.

याच दगडाला ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून दार बंद केलं. ओट्यासाठी, भिंतीसाठी त्याच्या लाद्या बनवायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, बसवायच्या नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून आयातही थांबली. देशभर अशी बंदी घालणारा हा पहिला देश.

घरात बसवलेला ओटा कुणाला काही करत नाही. त्यावर पोळ्या लाटा, भाजी चिरा. धोका आहे तो ओटा तुमच्या घरी येण्याआधी, सिंकसाठी भोक पाडताना, कडा गोल करताना, पॉलिश करताना. ग्राइंडर फिरला की धूळ उडते आणि त्या धुळीत असतो स्फटिकरूपी सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनलेली असते तो पदार्थ. संगमरवरात तो साधारण पाच टक्क्यांहून कमी, ग्रॅनाइटमध्ये वीस ते पंचेचाळीस टक्के, आणि या घडवलेल्या दगडात नव्वदच्या पुढेही.

दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते, खोकल्यावाटे बाहेर पडते. घातक कण त्याहून बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातले. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत उतरतात. तिथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. जंतूही त्या असेच गिळून पचवतात. गारगोटी मात्र पचत नाही. उलट पेशीच्या आतली पाचकरसाची पिशवीच फाटते, पेशी मरते, मरताना दाह पेटवणारी रसायनं सोडते, आणि मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते. कण काढून टाकता येत नाही, म्हणून हे चक्र थांबत नाही. दाह झाला तिथे व्रण, व्रणाच्या जागी चिवट गाठ. हा सिलिकोसिस. काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो आणि त्याला बरं करणारं औषध नाही. नुकत्याच फुटलेल्या कणाचा पृष्ठभाग जास्त दाहक असतो, म्हणजे ग्राइंडरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात वाईट धूळ येते.

आजार नवा नाही. दगड फोडणाऱ्यांच्या फुप्फुसांबद्दल रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलंय. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग म्हणून नोंदलेला होता. नवा आहे तो वेग. जुन्या खाणकामगाराला हा रोग बहुधा दहा-वीस वर्षांनी गाठायचा. ओटे कापणाऱ्यांपैकी अनेकांना तो दहा वर्षांच्या आतच गाठू लागला. कॅलिफोर्नियातल्या ५२ रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ५१ जण लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित, मध्यवर्ती वय ४५, आणि दहा जण दगावलेले. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधीपासून या धंद्यात असलेल्या कामगारांपैकी जवळपास चारातल्या एकाला रोग झाल्याचं सरकारी कृतिदलाने २०२१ मध्ये सांगितलं. साध्या एक्स-रेत सुटलेले बदल सीटी स्कॅनमध्ये सापडू लागले, तसतसा आकडा फुगत गेला.

बंदी हा पहिला उपाय नव्हता. कोरडं कापणं बंद करा, पाणी सोडा, धूळ ओढणारं यंत्र लावा, मास्क घाला, हे सगळं सांगून झालं होतं. व्हिक्टोरिया राज्याने तर २०२२ पासून या कामासाठी परवानाच सक्तीचा केला. हवेतल्या सिलिकाची मर्यादाही निम्म्यावर आणली होती: आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. पाळीभरात माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो असं धरा, म्हणजे झाला अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे आठ-दहा कण. चार माणसांच्या छोट्या कार्यशाळेत, घाईच्या दिवशी, हे कोण मोजणार?

मग उत्पादकांनी तोडगा सुचवला: चाळीस टक्क्यांहून कमी सिलिका असलेला दगड चालू द्या. ऐकायला समंजस. ग्रॅनाइट चालतो, मग हा का नको? पण कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या सेफ वर्क ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेने तो नाकारला, आणि मला तरी या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत पटला. चाळीसच्या खाली दगड सुरक्षित होतो याचा पुरावा कुणाकडे नव्हता. रेझिन आणि रंगातले धातूही धुळीत येतात, त्यांचाही फुप्फुसावर परिणाम होत असू शकतो. शिवाय ‘कमी सिलिका’ असं लेबल वाचल्यावर मास्क खिशात जाणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून रेघ चाळीसवर नाही, एक टक्क्यावर ओढली गेली.

या एक टक्क्याच्या रेघेच्या अलीकडे राहायला उत्पादकांनी काचेचा चुरा वापरायला घेतला. काच आणि गारगोटी, दोन्हींत मुख्यत्वे सिलिकाच. पण गारगोटीत अणू शिस्तीत रचलेले, काचेत विस्कटलेले, आणि विस्कटलेला सिलिका फुप्फुसाला बराच कमी छळतो. अर्थात म्हणून ती धूळ हुंगण्याजोगी होत नाही. विटा, काँक्रीट, टाइल्स बंदीतून वगळल्या आहेत. तिथे धूळ दाबण्याचे नियम तेवढे कडक झाले.

आधीच बसलेले हजारो ओटे ऑस्ट्रेलियातल्या घरांत तसेच आहेत. वापरायला हरकत नाही. पण उद्या स्वयंपाकघर नव्याने करताना जो कारागीर तो ओटा उखडेल, त्याला पाण्याची धार किंवा धूळ ओढणारं यंत्र, आणि सोबत श्वसनाचा मास्क, हे कायद्याने द्यावंच लागतं.