पेंटर, बाबूराव

(३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४). मूकपटकाळातील मराठी चित्रपट-दिग्दर्शक, चित्रकार व शिल्पकार. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म व मृत्यू कोल्हापूर येथे. कारागिरांच्या घरात जन्मलेल्या बाबूरावांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. ‘पेंटर’ हे नाव तिथूनच चिकटले.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहिल्यावर या दोघांनी स्वतःच कॅमेरा बनवण्याचे मनावर घेतले. त्याचे श्रेय कोणाचे, यावर चरित्रकारांत एकमत नाही. काहींच्या मते मूळ आराखडा व यंत्राची समज आनंदरावांची. काही जण सारे श्रेय बाबूरावांना देतात. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले आणि कॅमेरा १९१८ च्या सुमारास पुरा झाला, हा क्रम ध्यानात घेता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र अर्धवट राहिलेले काम तडीस नेण्याचे श्रेय बाबूरावांना आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांना द्यावेच लागते. लेथवर एकेक भाग कातून, जुळवून, पुन्हा उकलून हे यंत्र उभे राहिले. फिल्म चौकटी-चौकटीने ओढली जाऊन क्षणभर स्थिर थांबली पाहिजे. ती किंचितही सरकली तर चित्र थरथरते. नमुना हाती नसताना ही यंत्रणा साधणे हे आजही थक्क करणारे आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी १९१७, तर काही ठिकाणी १९१८ असे मिळते. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी मदत केली. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. त्यातील स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, हे त्या काळी मोठेच धाडस. कीचकवधाचे दृश्य इतके उग्र होते की त्याला कात्री लागली. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिल्याचे सांगतात.

बाबूरावांचे खरे वेगळेपण नेपथ्य आणि प्रकाशाच्या वापरात आहे. लोंबत्या रंगीत पडद्यांऐवजी त्यांनी भरीव नेपथ्य वापरले. चित्रणाआधी प्रत्येक दृश्याचे रेखाटन ते स्वतः करत. पटकथा कागदावर चित्ररूपानेच उतरे. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. या चित्रपटाला झालेली तोबा गर्दी पाहूनच सरकारने करमणूक कर बसवला, ही कथा वारंवार सांगितली जाते. मुंबई प्रांताचा करमणूक कर कायदा १९२३ चाच, हे खरे. पण बंगालमध्ये असा कर त्याआधी, १९२२ मध्ये, लागू झाला होता. त्यामुळे या कथेकडे ‘सिंहगड’च्या लोकप्रियतेची खूण म्हणून पाहणेच योग्य.

‘सावकारी पाश’ (१९२५) ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती होय. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणी-कामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी केली. प्रेक्षकांनी मात्र या वास्तवाला थंडा प्रतिसाद दिला आणि कंपनी पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळली. बाबूरावांनीच १९३६ मध्ये याचा बोलपट केला. अंधारात बुडालेली झोपडी आणि बाहेर कुत्र्याचे विव्हळणे, एवढ्याच सामग्रीत घराची वाताहत दाखवणारे या बोलपटातील दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या पुढे अनेक वर्षे स्मरणात राहिले. नंतरच्या लेखनात या दोन आवृत्त्यांचे तपशील अनेकदा एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणून प्रत्येक वर्णन नेमके कोणत्या आवृत्तीचे हे तपासून घ्यावे लागते.

दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर १९२९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. हे सारे बाबूरावांच्याच हाताखाली घडलेले. पुढच्या दोनेक वर्षांत मूळ कंपनी बंद पडली. त्यानंतर ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) आणि शांतारामांबरोबर केलेला ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) हे त्यांचे उल्लेखनीय बोलपट. चित्रकला व शिल्पकला अखेरपर्यंत चालू होती.