तापी कोडमध्ये काढताना नावं कुठे बसतात?

नकाशावर तापी उजवीकडून डावीकडे वाहते. मुलताईला उगम, 724 किलोमीटरचा प्रवास आणि सुरतजवळ समुद्र. खान्देशात चांगदेवला पूर्णा येऊन मिळते. पुढे दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि उत्तरेकडून अनेर, गोमाई. माऊसने ओढूनही ही आकृती काढता येते, पण एखादी नदी मध्ये घालायची राहिली की सगळंच सरकवत बसावं लागतं. त्यापेक्षा कोण कुणाला मिळतं एवढंच मजकुरात लिहावं आणि रेखाटन संगणकावर सोपवावं. ग्राफविझ आणि टिक्झ ही त्यासाठीचीच मोफत साधनं.

ग्राफविझमध्ये प्रत्येक संगम हा एक नोड, म्हणजे आकृतीतला एक बिंदू, आणि नदीचा प्रत्येक टप्पा ही जोडरेषा. नोडला आतली ओळख वेगळी असते आणि दिसणारं लेबल वेगळं. हा फरक सोडून सगळ्या नोडना 'संगम' हीच ओळख दिली, तर ग्राफविझ त्यांना एकच नोड समजतं. मग सगळ्या नद्या एकाच बिंदूत घुसतात आणि तापी स्वतःभोवतीच वेटोळे घालत राहते. ओळखी वेगळ्या ठेवाव्यात, लेबल मात्र खुशाल सारखं असू द्यावं.

जागा ठरवण्याची ग्राफविझची मुख्य रीत जपानी संशोधक सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडलेल्या विचारावर उभी आहे. आधी नोड थरांमध्ये वाटायचे, मग प्रत्येक थरातला क्रम असा लावायचा की रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील, आणि अंतर शेवटी ठरवायचं. आकृतीची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवली की तापी छान पश्चिमेला वाहू लागते. पण सातपुडा कुठल्या बाजूला आहे हे या रीतीला ठाऊक नसतं. अनेर वरून आली काय किंवा खालून आली काय, छेद शून्यच. म्हणून ती बिनदिक्कत दक्षिणेकडून येताना दिसू शकते.

बाजू महत्त्वाची असेल तिथे मला टिक्झ जास्त भरवशाचं वाटतं. टिल टांटाऊ यांनी लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीसाठी घडवलेल्या या साधनात 'हा नोड त्या नोडच्या डावीकडे' असं थेट लिहिता येतं. नवख्यांचा घोळ होतो तो अँकरपाशी. अँकर 'नॉर्थ' दिला की नाव बिंदूच्या वर जाईल असं वाटतं, पण ते जातं खाली. फोटोच्या वरच्या कडेला खिळा असला की फोटो खाली लोंबतो, तसंच हे. अँकर म्हणजे लेबलचा बिंदूवर टेकणारा भाग. हे डोक्यात ठेवायचं नसेल तर सरळ 'अबव्ह' किंवा 'बिलो' लिहावं.

नाव कुठे शोभतं याचा विचार नकाशाकारांनी फार आधी केला आहे. एडुआर्ड इमहोफ या स्विस नकाशाकाराने 1962 मध्ये त्याचे नियम मांडले. बिंदूच्या उजवीकडे, किंचित वर ही पहिली पसंती. आणि गाव नदीच्या ज्या काठाला असेल त्याच काठाला त्याचं नाव. म्हणजे भुसावळ हे नाव तापीच्या दक्षिणेलाच हवं, फैजपूर उत्तरेला. बिंदू वाढले की मात्र संगणकही घामाघूम होतो. नावं एकमेकांवर न चढवता जास्तीत जास्त बसवण्याचं सर्वोत्तम उत्तर हमखास आणि झटपट देणारी रीत अजून कुणालाही सापडलेली नाही. म्हणून संगणकाचे प्रोग्राम बऱ्यापैकी चांगल्या उत्तरावर थांबतात.

देवनागरीत आणखी एक पेच आहे, आणि मराठीत आकृत्या काढणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. 'बोरी'च्या मात्रा आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात, तर 'वाघूर'चा ऊकार खाली उतरतो. टिक्झ प्रत्येक शब्दाचा चौकोन मोजून त्याचा मध्य साधतं. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या या दोन नावांत 'बोरी'ची शिरोरेषा खाली बसते आणि 'वाघूर'ची वर चढते. सगळ्या नोडना मजकुराची उंची आणि खोली एकच ठरवून दिली की रेषा जुळतात.

ग्राफविझमध्ये चौकोनाचं माप आकृती बनवणाऱ्याच्या संगणकावरच्या फॉन्टवरून निघतं. एसव्हीजी फाइल (यात अक्षरं चित्र म्हणून नव्हे, मजकूर म्हणून राहतात) दुसरीकडे उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर 'गोमाई'चा 'ई' चौकटीबाहेर डोकावू शकतो. देवनागरी आकृती कुणाला पाठवायची असेल तर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच पाठवावी.