विमा नाही म्हणून तपासणी लांबवू नका

‘विमा नसेल तर गरोदरपणातल्या सुरुवातीच्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत, ते बाळंतपणासाठी राखावेत,’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

खरं तर सगळ्यात मोलाच्या तपासण्याच सगळ्यात साध्या असतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायला दोन मिनिटं लागतात. लघवीत बुडवलेली पट्टी पिवळ्याची हिरवी झाली, तर प्रथिनं जाताहेत. साधारण २० आठवड्यांनंतर उद्भवणारा प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकादायक विकार) बहुधा असाच पकडला जातो. बाईला स्वतःला अनेकदा काहीच जाणवत नसतं! हिमोग्लोबिन, रक्तगट, सिफिलिस, एचआयव्ही यांना थोडंसं रक्त पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये किमान आठ भेटी सुचवल्या, पहिली १२ आठवड्यांच्या आत. सोनोग्राफी मात्र २४ आठवड्यांपूर्वी एकच. दर महिन्याची सोनोग्राफी सरसकट लागत नाही.

सरकारी केंद्र, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, धर्मादाय दवाखाना, प्रशिक्षित सुईण, सगळीकडे चौकशी करा. रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर आधी तिथे जा. सवलत, हप्ते यांची माहिती बहुतेकदा तिथेच मिळते. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.