न्यूक्लियर फिजिक्स की न्यूक्लियर इंजिनिअरिंग? पदव्युत्तर प्रवेशाआधी एवढं बघाच

अणुऊर्जेची ओढ असलेल्या विद्यार्थ्यासमोर पदवीनंतर दोन अभ्यासक्रम येतात: न्यूक्लियर फिजिक्स आणि न्यूक्लियर इंजिनिअरिंग. दोन्हीकडे विखंडन (अणूचं केंद्रक फुटणं) शिकवतात, दोन्हीकडे अर्धायुष्याची (किरणोत्सारी द्रव्य निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळाची) गणितं असतात, पहिल्या सत्राची पुस्तकंसुद्धा बऱ्याच ठिकाणी तीच. म्हणून ‘जिथे प्रवेश मिळेल तिथे घेऊ, पुढचं पुढे बघू’ असा विचार होतो. मला तो धोक्याचा वाटतो, कारण दुसऱ्या सत्रापासून वाटा फुटतात आणि मग परत फिरणं महागात पडतं.

यूरेनियम-२३५चं एक केंद्रक फुटलं की साधारण २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आणि सरासरी २.४ न्यूट्रॉन बाहेर पडतात. ही माहिती दोघांनाही लागते. भौतिकीचा विद्यार्थी इथे थांबून विचारतो, की केंद्रकाचे दोन तुकडे सारख्या वजनाचे का होत नाहीत? एक मोठा, एक लहान, असं का? उत्तरासाठी त्याला क्वांटम यांत्रिकी, केंद्रकाची कवच-प्रतिकृती (शेल मॉडेल), विकिरणाचे (स्कॅटरिंगचे) सिद्धांत यांत खोल उतरावं लागतं. अभियांत्रिकीचा विद्यार्थी २.४ हा आकडा हातात घेऊन पुढे निघतो. त्यातले किती न्यूट्रॉन पुन्हा इंधनाला लागतील, किती पाण्यात किंवा पोलादात शोषले जातील, किती भट्टीबाहेर निसटतील, आणि हा हिशेब वर्षानुवर्षं जुळता कसा ठेवायचा, हा त्याचा अभ्यास.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, ते १९४४ च्या सप्टेंबरात हॅनफर्डला दिसलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बांधलेली बी-अणुभट्टी सुरू झाली, शक्ती वाढवली गेली, आणि काही तासांतच ती आपोआप उतरू लागली. न्यूट्रॉन शोषून भट्टीला आवर घालणारे नियंत्रक दांडे बाहेर ओढले तरी उपयोग होईना. शेवटी भट्टी बंदच पडली. काही तास गेले आणि तिच्यात पुन्हा जीव आला. जॉन व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञाने या वेळांचा माग काढला. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होतं, त्याचं अर्धायुष्य ६.६ तास. त्याचं झेनॉन-१३५ होतं, त्याचं ९.१ तास. आणि मंद न्यूट्रॉन गिळण्यात हे झेनॉन यूरेनियम-२३५च्या जवळपास चार हजार पट पुढे. ते साठलं की भट्टी थांबते, त्याचा क्षय झाला की पुन्हा चालते. कारण सापडलं. पण कारण सापडल्याने भट्टी चालत नाही. ती चालली, कारण भट्टी बांधणाऱ्या ड्यू पाँट कंपनीच्या अभियंत्यांनी आराखड्यातल्या १,५०० इंधननळ्या कमी पडल्या तर असाव्यात म्हणून कोपऱ्यांत आणखी ५०४ नळ्यांची सोय आधीच करून ठेवली होती. त्यांतही इंधन भरलं आणि झेनॉनवर मात झाली. झेनॉन ओळखणं हे भौतिकीचं शिक्षण. जे अजून माहीतच नाही त्याच्यासाठी जागा राखून ठेवणं हे अभियांत्रिकीचं. मला दोन्हींबद्दल सारखाच आदर आहे, पण दोन्हींसाठी मन वेगवेगळ्या पद्धतीने घडवावं लागतं.

भौतिकीची पदवी घेऊन अभियांत्रिकीकडे येणारे विद्यार्थी एका विषयाला हमखास कमी लेखतात, तो म्हणजे थर्मल हायड्रॉलिक्स, म्हणजे भट्टीतली उष्णता वाहत्या पाण्याने काढून नेण्याचं शास्त्र. ‘पाणी आणि पाइपच तर आहेत’ असं वाटतं. खरं तर सगळ्या अभ्यासक्रमाचा भार याच विषयावर आहे. भट्टी बंद केली, विखंडनाची साखळी थांबली, तरी विखंडनातून झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय चालूच राहतो. त्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते. म्हणजे ३,००० मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत बंद केल्याबरोबर सुमारे २०० मेगावॅट, आणि एक दिवस उलटल्यावरही १५ मेगावॅटच्या आसपास. ती सतत काढून नेली नाही तर इंधन वितळतं. २०११ मध्ये फुकुशिमा दाइइचीला भूकंप होताच चालू भट्ट्यांतली साखळी थांबली होती. नंतर त्सुनामीचं पाणी आपत्कालीन वीजव्यवस्थेत शिरलं आणि थंड करण्याची साधनंच गेली. इंधनावरच्या आवरणातल्या तापलेल्या झिर्कोनियम धातूची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, त्याचे स्फोट झाले. यातली एकही गोष्ट भौतिकीला नवी नव्हती. प्रश्न पंपांचा, जनरेटर कुठे ठेवले याचा आणि पाणी कसं पोचवायचं याचा होता. हे प्रश्न ज्याला दुय्यम वाटतात, त्याने न्यूक्लियर इंजिनिअरिंग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट बाजूनेही तेवढंच खरं. मेकॅनिकलमधून आलेल्याला न्यूट्रॉनच्या वहनाची समीकरणं सुरुवातीला जड जातात. त्यासाठी गणित पक्कं करूनच यावं.

विभाग निवडताना नावावर जाऊ नका, सक्तीचे विषय वाचा. रिअॅक्टर फिजिक्स, थर्मल हायड्रॉलिक्स, किरणोत्साराने पदार्थांत होणारे बदल, संरक्षक आवरणाची रचना, सुरक्षा-विश्लेषण अशी यादी असेल तर ती अभियांत्रिकी. क्वांटम यांत्रिकी सक्तीची आणि प्रबंध त्वरकावरच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावरच्या) प्रयोगांचे असतील तर ती भौतिकी, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. गेल्या काही वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं चाळलीत तर तासाभरात अंदाज येतो.

आणि खरोखरच दोन्हींत जीव अडकला असेल, तर न्यूक्लियर डेटा या क्षेत्राची चौकशी जरूर करा. कोणत्या ऊर्जेचा न्यूट्रॉन कोणत्या केंद्रकाशी किती वेळा अभिक्रिया करेल, याचं मोजमाप त्यात होतं. मोजणी भौतिकीची, आणि तो आकडा थेट भट्टीच्या संगणकीय हिशेबात जातो. अशा सीमेवर काम करणाऱ्यांत यूजीन विग्नर होते. त्यांचं शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीचं, हॅनफर्डच्या पाण्याने थंड होणाऱ्या भट्ट्यांचा आराखडा करणाऱ्या गटाचे ते प्रमुख, आणि १९६३ चं नोबेल मात्र भौतिकशास्त्राचं.